कलेचा प्रकल्प घरी पाठवू नका

दिवाळीची सुट्टी संपली की कोल्हापुरातल्या स्टेशनरीच्या दुकानांत एक ठरावीक गर्दी दिसू लागते. सहावी-सातवीतल्या मुलांच्या आया, कुठे वडील, हातात मोबाइल आणि मोबाइलवर शाळेच्या ग्रुपवर आलेला निरोप : ‘शुक्रवारपर्यंत टाकाऊपासून टिकाऊ वस्तू करून आणणे.’ टाकाऊपासून टिकाऊ करण्यासाठी मग आइस्क्रीमच्या काड्यांचं नवं पाकीट, नवा चकाकी कागद, ग्लिटरच्या ट्यूबा आणि नवी गोंदाची बाटली विकत घेतली जाते. गुरुवारी रात्री अकरापर्यंत घरातली मोठी माणसं जमिनीवर बसून चिकटवाचिकटवी करतात आणि मूल शेजारी झोपलेलं असतं. शुक्रवारी वस्तू वर्गातल्या टेबलावर मांडल्या जातात, फोटो निघतात, शेरा मिळतो. पुढच्या आठवड्यात त्या कपाटावर धूळ खात असतात, नाहीतर घंटागाडीत गेलेल्या असतात. यावर दर वर्षी वाद होतो आणि तो दर वर्षी तितकाच वाईट होतो. एक बाजू म्हणते, हे थोतांड बंद करा, त्यापेक्षा मुलं शिष्यवृत्तीची चार गणितं सोडवतील. दुसरी म्हणते, मुलांच्या सर्जनशीलतेला वाव नको का? दोघांचे डोळे टेबलावरच्या वस्तूवर असतात. ती वस्तू कुठे झाली, कुणी केली, किती वेळा बिघडली आणि बिघडल्यावर काय केलं, हे कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं असं की सहावी ते आठवीच्या मुलांना कलेचे प्रकल्प हवेतच, पण घरी एकही जाता कामा नये. वर्षाला दोन पुरेत. ते शाळेच्या वेळात, शाळेच्या सामानाने, एकेक माध्यम धरून सहा-सात आठवडे चालले पाहिजेत.

‘बंद करा’ म्हणणाऱ्यांचं निम्मं म्हणणं आधी मान्य करायला हवं, कारण ते खरं आहे. घरी दिलेला प्रकल्प मुलाचा नसतो, घराचा असतो. ज्या घरात आईला वेळ आहे, बैठकीच्या खोलीत पसारा चार दिवस ठेवता येतो आणि दोनशे-चारशे रुपये सहज सुटतात, त्या घराला ‘उत्कृष्ट’ शेरा मिळतो. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत रात्रपाळीला, आई चार घरची कामं करणारी, दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं; त्या घरातलं मूल शुक्रवारी रिकाम्या हाताने येतं आणि चारचौघांत उभं राहतं. कलेच्या नावाखाली आपण त्या मुलाची गरिबी टेबलावर मांडतो. शिवाय प्रकल्पांचा हा सुळसुळाट कुठून आला, तेही पाहायला हवं. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांत तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांच्या जोडीला प्रकल्पही आला. हेतू चांगला होता, मुलाला फक्त लेखी परीक्षेत तोलू नये. पण नोंदवहीत रकाना आला की तो भरावा लागतो. प्रत्येक विषयाला प्रकल्प, प्रत्येक प्रकल्पाला पुरावा आणि पुरावा म्हणजे वस्तू. सहा विषयांचे सहा प्रकल्प शाळेच्या वेळात होणं शक्यच नव्हतं, म्हणून ते घरी गेले. घरी गेले म्हणून बाजारात गेले. आज तयार पवनचक्की, तयार ज्वालामुखी, तयार वारली पाटी सगळं मिळतं. २०१८ साली राज्याने प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या वस्तूंवरही बंदी आणली, पण शाळेच्या प्रकल्पातला थर्माकोलचा बुरूज अजून पडलेला नाही.

हे सगळं खरं असलं तरी त्यातून ‘कलेचे प्रकल्पच नकोत’ हा निष्कर्ष कसा निघतो? गृहपाठाची गणितं मुलं एकमेकांची उतरवतात म्हणून कुणी गणित बंद करा म्हणत नाही, वर्गात समोर बसवून सोडवून घ्या म्हणतात. कलेला तेवढीही सवलत का मिळू नये? शिवाय ज्या वयात हे प्रकल्प गुंडाळायचं बोललं जातं, त्याच वयात त्यांची सर्वांत जास्त गरज असते. चित्रकलेच्या कुठल्याही जाणत्या शिक्षकाला विचारा, तिसरीतलं मूल आणि सातवीतलं मूल यांत फरक काय, तो खोडरबर दाखवेल. तिसरीतलं मूल हत्ती काढतं आणि पुढे जातं. सातवीतलं मूल हत्तीची सोंड काढतं, बघतं, खोडतं, परत काढतं, कागद झिजून त्याला भोक पडेपर्यंत खोडतं आणि मग म्हणतं, ‘मला चित्र जमत नाही.’ अकरा ते चौदा या वयात डोळा पुढे जातो आणि हात मागे राहतो. चूक दिसू लागते, सुधारता येत नाही. बहुतेक माणसं चित्र काढणं सोडतात ती याच टप्प्यावर, आणि मग आयुष्यभर ‘आपल्याला ते कलाबिला काही येत नाही’ असं थोडं अभिमानानेच सांगतात. या वयाच्या मुलाला ‘छान आहे हं’ म्हणून भागत नाही, कारण छान नाही हे त्याला दिसत असतं. त्याला हवं असतं असं माध्यम, ज्यात चूक खोडता येत नाही पण दुरुस्त करता येते.

इथे दुसऱ्या बाजूचीही खबर घ्यायला हवी. मुलांना मोकळं सोडा, शिकवू नका, त्यांना मनातलं काढू द्या, हे ऐकायला गोड लागतं. प्रत्यक्षात कोल्हापुरातल्या चाळीस मुलांच्या वर्गाला कोरा कागद देऊन ‘मनातलं काढा’ म्हणून बघा. निम्म्याहून जास्त कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा अर्धा सूर्य, डोंगरातून निघणारी नदी, काठाला कौलारू झोपडी, नारळ आणि आकड्यासारखे चार पक्षी येतील. या मुलांच्या डोळ्यांसमोर रोज पन्हाळ्याचा डोंगर असतो आणि तो वरून सपाट आहे, सुरीने कापल्यासारखा. त्रिकोणी डोंगर त्यांनी पाहिलेलाच नाही. ते मनातलं नसून कुणाच्या तरी वहीतलं असतं. हात मोकळा सोडला की तो सवयीच्या वाटेने जातो, मुलाचाही आणि मोठ्यांचाही.

हा वाद तसा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेच्या पद्धतीने चित्रकलेचं शिक्षण पायऱ्यापायऱ्यांत बांधलं. आधी सरळ रेषा, मग भूमिती, मग नमुन्याची नक्कल, मग ठोकळ्यांची छायाप्रकाश चित्रं. कारखान्यांना नक्षीकार हवे होते, त्यासाठी हात आणि डोळा कवायतीसारखा तयार करायचा होता. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूलवर आणि पुढे आपल्या सगळ्या चित्रकला परीक्षांवर त्या विचाराची छाप पडली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या तयारीत आजही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांचे जे कप्पे दिसतात, ते तिथलेच. या कवायतीला कंटाळून व्हिएन्नात फ्रान्झ चिझेकने १८९७ साली मुलांचे वर्ग सुरू केले. मुलाची चित्रं ही मोठ्यांच्या चित्रांची कच्ची आवृत्ती नसते, त्यांना स्वतःचे नियम असतात, हे त्याचं म्हणणं. ते क्रांतिकारक होतं आणि बरोबरही होतं. पण चिझेकच्या वर्गात लिनोचे ठसे, कागद कापकाम, माती, भरतकाम अशी माध्यमं होती आणि मुलं तिथे नेमाने येत. आपण त्याची ‘मोकळीक’ तेवढी उचलली, सामान आणि नेम तिथेच ठेवून आलो. मग एकीकडे संकल्पचित्राची घोकंपट्टी आणि दुसरीकडे ग्लिटरची मोकळीक, एवढेच दोन पर्याय उरले तर नवल काय?

तिसरा मार्ग माध्यमाचा आहे, पण नुसतं असं म्हणून काही कळत नाही, म्हणून एक प्रकल्प जवळून पाहू. मातीची फरशी. पंधरा सेंटीमीटर चौरस, दीड सेंटीमीटर जाड, तिच्यावर उठावाचं, म्हणजे मातीतून वर आलेलं चित्र. विषय एकच : घराच्या दारात उभं राहिल्यावर समोर दिसणारी एक गोष्ट. नळ, लावलेली स्कूटर, शेजारच्यांचा जिना, काहीही. एका फरशीला साधारण साडेसहाशे ग्रॅम मळलेली माती लागते, म्हणजे चाळीस मुलांना सव्वीस किलो, आणि सांडलवंड धरून तीस. शाहूपुरीची कुंभार गल्ली किंवा बापट कॅम्प इथे माती मागायला आषाढ ते भाद्रपद जाऊ नये, तेव्हा तिथे गणपतीच्या कामातून मान वर काढायला कुणाला फुरसत नसते. दिवाळीनंतर जावं. तसंही पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की फरशी सुकायची नाही.

पहिला आठवडा कागदावर. चित्र पंधरा सेंटीमीटरच्या चौकोनातच काढायचं, कारण मोठं काढून लहान करायला गेलं की बारकावे मातीत मावत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात लाटणं. दीड सेंटीमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या दोन बाजूंना ठेवायच्या, मधे माती आणि लाटणं पट्ट्यांवरून फिरवायचं, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते. पट्ट्या नसल्या की फरशी मधे जाड आणि कडेला पातळ होते, आणि पातळ कडा आधी सुकून तडकते. खाली वर्तमानपत्र हवं, नाहीतर माती बाकाला चिकटते आणि उचलताना तिचा चेहरामोहरा बदलतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उठाव. वर जोडायचा प्रत्येक तुकडा आणि खालची जागा, दोन्हींवर काडीने आडवेउभे ओरखडे काढायचे, त्यावर मातीचाच पातळ चिखल लावायचा आणि मग दाबायचं. हे सांगूनही निम्मी मुलं नुसतं पाणी लावून चिकटवतात, कारण ओलं असताना ते चिकटल्यासारखं दिसतं. आठवड्याने सुकल्यावर स्कूटरचं हँडल हातात येतं. त्या वेळी शिक्षकाने काही बोलायची गरज नसते. मूल स्वतःच ओरखड्यांकडे वळतं.

मातीत सर्वांत जास्त घोळ पाणी करतं. मुलांना पाणी आवडतं, माती गुळगुळीत व्हावी म्हणून ती बोटं बुडवत राहतात आणि तासाअखेर समोर लिबलिबीत गोळा उरतो. बाकावर वाटीभर पाणी ठेवायचंच नाही, दोघांत एक ओला स्पंज द्यायचा. दोन तासांच्या मधल्या आठवड्यात फरशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवायची, नाहीतर पुढच्या वेळी तिच्यावर काम करता येत नाही. शेवटी सुकवणं : दोन दिवस ओल्या फडक्याखाली, मग वर्तमानपत्राखाली, रोज उलटून, सावलीत. घाई करून गच्चीवर उन्हात ठेवली की वरची बाजू आधी आकसते, कडा उचलतात आणि फरशीचा द्रोण होतो. सुकून-भाजून ती सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने लहानही होते, हे मुलांना आधी सांगू नये. पट्टी देऊन मोजायला लावावं. दोन सेंटीमीटरपेक्षा जाड उठाव असेल तर तो मागून पोकळ करायचा. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि फरशी फुटते, शेजारच्या दोन-चार घेऊन फुटते. ज्या कुंभाराकडे अजून भट्टी लागते, त्याच्याच खेपेत या फरश्या जाऊ शकतात. भाजणं नाहीच जमलं तरी काही बिघडत नाही. न भाजलेली फरशी फोटो काढून पाण्यात टाकली की दोन दिवसांत विरघळते आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला तीच माती मिळते. ‘टाकाऊपासून टिकाऊ’पेक्षा हा हिशेब मला जास्त प्रामाणिक वाटतो.

दुसरा प्रकल्प कोल्हापूरने तर करायलाच हवा. हे शहर स्वतःला कलानगरी म्हणवतं आणि त्या नावामागचा मोठा वाटा सिनेमाचा आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वदेशी कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. त्याआधी आनंदराव आणि बाबूराव नाटकांचे पडदे रंगवत होते. रंगवलेल्या चित्राकडून हलत्या चित्राकडे जाण्याची ही उडी मुलांना गोष्ट म्हणून सांगितली जाते, हातात कधीच दिली जात नाही. तिचं साधन तर १८३४ सालापासून उपलब्ध आहे. विल्यम हॉर्नर या इंग्रज गणितज्ञाचं फिरतं चित्रनळकांडं, झोइट्रोप. साडेएकसष्ट सेंटीमीटर लांब आणि बारा सेंटीमीटर रुंद पुठ्ठ्याची पट्टी घ्यायची, त्यातले दीड सेंटीमीटर जोडाला. वरच्या कडेपासून पाच सेंटीमीटर खोल, चार मिलिमीटर रुंद अशा बारा चिरा, दर पाच सेंटीमीटरला एक. पट्टी गोल जोडली की एकोणीस सेंटीमीटर व्यासाचं नळकांडं होतं. बूड दुहेरी पुठ्ठ्याचं. बुडाच्या मध्यावर भोक पाडून जुन्या बॉलपेनचं टोपण आत उभं चिकटवायचं आणि ते मातीच्या गोळ्यात रोवलेल्या पेन्सिलीच्या टोकावर ठेवायचं. टोपण आत वर गेलेलं हवं, म्हणजे टेकू उंचावर येतो आणि नळकांडं त्याच्याखाली लोंबल्यासारखं राहतं. टोपण उलटं खाली काढलं तर पहिल्या गिरकीतच ते कलंडतं. बाहेरून सगळं काळं रंगवायचं, आतल्या बाजूला खाली सहा सेंटीमीटर रुंदीच्या कागदी पट्टीवर बारा चित्रं. फिरवून चिरांतून समोरच्या बाजूला पाहिलं की चित्र हलतं.

पहिल्या खेपेला मात्र हलत नाही. चिरा कात्रीने कापल्या आणि सहा-सात मिलिमीटर झाल्या, तर नुसता धूसर पट्टा दिसतो. प्रत्येक चित्र डोळ्यासमोरून निसटताना एका अरुंद फटीतून क्षणभरच दिसलं पाहिजे. फट रुंद झाली की तेच चित्र सरकताना दिसतं आणि पुसटतं. म्हणून चिरा कटरने, पोलादी पट्टीला धरून आणि शिक्षकांच्या हातूनच. बाहेरचा काळा रंग राहिला, तर उजेड डोळ्यांवर येतो आणि आतलं फिकट होतं. बारावं चित्र पहिल्याला जुळलं नाही, तर उडी मारणारा पैलवान दर फेरीला झटका खातो. आणि कुणी चुकून बाराऐवजी अकरा चित्रं काढली, तर पैलवान जागेवर उड्या न मारता नळकांड्यात गोल गोल सरकायला लागतो. या चुकीवर वर्ग जेवढा हसतो आणि जेवढा विचार करतो, तेवढा गणिताच्या तासाला क्वचितच करत असेल. पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. सातवीतलं जे मूल एका हत्तीसाठी कागदाला भोक पाडत होतं, त्याला इथे बारा हत्ती काढायचे आहेत. तिसऱ्या हत्तीला ते सोंडेच्या सुरकुत्या काढणं सोडतं, सहाव्याला नखं सोडतं, आठव्याला त्याचा हत्ती पाच रेषांचा होतो आणि तो हत्तीच दिसतो. खोडरबर कंपासपेटीत पडून राहतं.

यावर ‘बंद करा’वाले म्हणतील, हे सगळं कागदावर छान, पण वेळ कुठे आहे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर वेळापत्रकातच आहे. पस्तीस मिनिटांची तासिका. सामान वाटण्यात सात मिनिटं, आवरण्यात आठ, हातात उरली वीस. वीस मिनिटांत माती मऊसुद्धा होत नाही. त्याच आठवड्यातल्या दोन सुट्या तासिका एकत्र जोडल्या तर सत्तर मिनिटांतली पंचावन्न कामाची मिळतात. एकही मिनिट जास्त न घेता कामाचा वेळ चाळिसावरून पंचावन्नवर जातो. सहावी ते आठवीसाठी शिक्षणहक्क कायद्याने वर्षाला एक हजार तास अध्यापन ठरवलं आहे. दोन प्रकल्पांना, प्रत्येकी सात आठवडे धरले, तरी सतरा तासही लागत नाहीत. शिष्यवृत्ती या सतरा तासांवर अडते, असं म्हणणाऱ्याने शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमीला किती तास जातात ते एकदा मोजावं.

शिक्षकांचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरच्या वर असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक धरलेला आहे. त्याहून लहान शाळेत कलेचा तास वर्गशिक्षकाकडे येतो आणि त्याला स्वतःला चित्र येत नसतं. म्हणूनच मी दोनच प्रकल्प म्हणतो. वर्षाला दहा कृती शिकवायला कलाशिक्षक लागेल. माती लाटायला आणि नळकांडं जोडायला विज्ञानाचे सर किंवा बाईही शिकू शकतात, दोन शनिवारांत, अट एवढीच की मुलांच्या हातात देण्याआधी त्यांनी स्वतः एकदा ते बिघडवलेलं असावं. आणि साठचा वर्ग असेल तर दोन तुकड्या कराव्यात. एका वेळी चाळीसपेक्षा जास्त मुलांच्या हातात माती असली की शिक्षक फक्त जमीन पुसत फिरतो.

विरोधातला सर्वांत सबळ मुद्दा मात्र या वादात कुणी मोठ्याने बोलत नाही, कारण तो बोलायला अवघड आहे. माती कुंभाराची, चामडं चर्मकाराचं, सूत कोष्ट्याचं. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या हेच केलं आणि त्यातून बाहेर पडायला मुलाला शाळेत घातलं, त्यांच्या हातात शाळेने परत माती द्यायची? शाहू महाराजांच्या गावात हा प्रश्न पडलाच पाहिजे. त्यांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते मुलाने बापाच्या धंद्यातच राहावं म्हणून केलं नव्हतं. पुढच्या इतिहासातही इशारा आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेची वेळ पाच तासांवरून तीनवर आणली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना काढली. लोकांनी तिला कुलपरंपरेचं शिक्षण म्हटलं, द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांच्यासह अनेकांनी ती हाणून पाडली आणि १९५४ मध्ये ती मागे घेतली गेली. विरोध बरोबर होता. पण त्या योजनेत नेमकं काय चुकीचं होतं? हाताचं काम चुकीचं नव्हतं. ज्याच्या बापाचं जे काम तेच त्या मुलाला, आणि तेही शाळेचा वेळ कापून, हे चुकीचं होतं. मी म्हणतो ते याच्या नेमकं उलटं आहे. वकिलाच्या मुलीनेही माती लाटावी, कुंभाराच्या मुलीनेही नळकांडं फिरवावं, दोघींची फरशी एकाच भट्टीत जावी. कुंभार वर्गात आला तर तो मानधन घेऊन, फळ्याशेजारी, ‘काका, हे का फुटलं?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला यावा. घरी पाठवलेल्या प्रकल्पात जात आणि पैसा दोन्ही शाबूत राहतात. शाळेत केलेल्या कामात निदान तासाभरासाठी तरी दोन्हींना धक्का लागतो.

‘कलावंत शाळेत घडत नाहीत’ असाही एक ठेवणीतला मुद्दा असतो. पुरावा म्हणून पुन्हा बाबूरावच पुढे केले जातात, ते कुठल्या शाळेत शिकले? खरं आहे, पण घरात सुतारकाम, कोरीवकाम आणि चित्रकामाचा वारसा होता, हत्यारं हाताशी होती, बिघडवायला सामान होतं. त्यांच्या घरात जे होतं ते आजच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नाही. म्हणून ते शाळेत हवं. आणि कलावंत घडवणं हा हेतू नाहीच. रांगोळीपलीकडे आयुष्यात कधी काही न रेखाटणाऱ्या मुलीलाही दहा वेळा बिघडलेली गोष्ट अकराव्यांदा हातात घेता यावी, एवढीच माफक अपेक्षा आहे.

खरं तर हे सगळं आपल्या मुलांना येतं. दिवाळीतला किल्ला बघा. दगड, विटा, त्यावर चिखलात बुडवलेली पोती, वर हळीव नाहीतर मोहरी पेरून हिरवळ. नुसत्या चिकट मातीचा लेप दिला तर दुसऱ्या दिवशी भेगा पडतात, म्हणून भुसा मिसळायचा, हे पेठेतल्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. चार दिवस भांडतात, एक बुरूज पडतो, परत बांधतात, दरवाजाचं तोंड कुठे करायचं यावरून पुन्हा भांडतात. तिथे गृहपाठ नाही, गुण नाहीत. जिथे मंडळाची स्पर्धा आणि बक्षीस येतं, तिथे मोठे हात घालतात, कारंजं येतं, दिव्यांची माळ येते आणि मुलं दोरीच्या बाहेर उभी राहतात. शाळेने यातून शिकायचं ते एवढंच की गुण वस्तूला देऊ नयेत. द्यायचेच असतील, आणि नोंदवही भरावी लागते हे मला ठाऊक आहे, तर बिघाडाच्या वहीला द्यावेत. दर तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत दोन ओळी : आज काय बिघडलं, पुढच्या वेळी काय बदलणार. वर्गातच लिहायच्या, वही वर्गातच ठेवायची. घरी नेली की त्याही दोन ओळी आई सुवाच्य अक्षरात लिहून देईल.

एवढं करूनही प्रकल्प फसतात ते बहुधा एका क्षुल्लक गोष्टीवर, अर्धवट काम ठेवायला जागा नसते. चाळीस ओल्या फरश्या शुक्रवारी कुठे ठेवणार? खिडकीत ठेवल्या तर ऊन लागतं, जमिनीवर ठेवल्या तर सकाळी झाडू फिरतो, कपाटात ठेवल्या तर बुरशी येते. वर्गाच्या मागच्या भिंतीला, उन्हापासून दूर, पाच फूट लांब आणि फूटभर रुंद अशा चार फळ्या, एकीवर एक, मधे वीतभर अंतर. एका फळीवर दहा फरश्या, दोन रांगांत, पाटावर आणि वर फडकं. सुतार अर्ध्या दिवसात ठोकून देईल. मुख्याध्यापकांनी कलेवर भाषण ठरवलं असेल तर आधी या फळ्या लावून घ्याव्यात.